कळंबला सांगितलेली गोष्ट

कडूबाई : बसत न्हाय म्या. उभ्यानं इचारते, अन् तुमी उभ्यानंच सांगा. कळंबला काय बोललात?

महादेवी : कडूबाई, आधी पाणी तरी घे. तोंड बघ कसं लाल झालंय उन्हानं. एकटी आलीस? भाऊ कुठंय तुझा?

कडूबाई : भाऊ बाजारात हाय, बी घेतोय. पानी नगं. कळंबच्या शाळेत सभा झाली. तालुकदारसाहेब व्हते, डागदर व्हते, गावोगावचे मास्तर बोलावले व्हते. तिथं मुरुमच्या हणमंतप्पा कापडवाल्याची लेक, महादेवी, म्हैसूरला मनाचं शास्त्र शिकून आलेली, उभी राहून बोलली. ह्ये खरं का खोटं?

महादेवी : खरं.

कडूबाई : काय बोलली ती?

महादेवी : तुझं नाव घेतलं नाही मी. गावाचं घेतलं नाही. लोहाऱ्याचा नुसता उल्लेखसुद्धा नाही केला. गळ्याशपथ.

कडूबाई : नाव न्हाय घेतलं. पेव म्हनलात?

महादेवी : म्हणाले.

कडूबाई : अंगावर पिणारं पोर म्हनलात?

महादेवी : हो.

कडूबाई : रझाकारांची टोळी गावात शिरली तवा समदं घर गोठ्यातल्या धान्याच्या रिकाम्या पेवात उतरलं, अन् पोर रडतंय, त्येच्या आवाजानं समदे सापडतील, म्हून लेकुरवाळ्या सुनेला वरच ठेवलं. ह्ये म्हनलात?

महादेवी : कडूबाई...

कडूबाई : आन् झाकन कुनी ओढून घेतलं, त्येबी?

महादेवी : तिच्या नवऱ्यानं, असं म्हणाले.

कडूबाई : मग नाव कशाला पायजे, अक्का? अशा सुना किती असतील आमच्या मुलखात? आमच्या गावचे मास्तर मागं बसलेले तिथं. हुकूम आला म्हून गेलेते बिचारे.

महादेवी : त्यांनी गावात येऊन सांगितलं?

कडूबाई : गावात कशाला सांगतील? बायकोला सांगितलं. बायको हिरीवर बोलली. गावाला वरीसभर काय ठावं व्हतं? धांदलीत दगडोबाची बायको मागच्या दारानं पळाली, भेदरली, अन् तवापासनं तिच्या डोस्क्यात वारं शिरलंय. सासूनंच तसं सांगून ठेवलं व्हतं. म्या बी तेच म्हनायची. व्हय, म्याच पळाले.

महादेवी : आणि ते खोटं होतं. तुझ्या डोक्यात वारं शिरलं नव्हतं. दार लावलं की तुझा श्वास कोंडायचा, रात्रभर अंगणात बसायचीस, पोराला कुणाच्या हातात द्यायची नाहीस. लिंबाच्या पाल्यानं झोडपलं तुला त्या देवऋष्यानं. आठवतं? पाठ बघितली होती मी तुझी. मी सभेत हेच सांगत होते, की हे बाहेरचं नाही, भूत नाही. घरच्यांनी आणि गावानं केलेली जखम आहे, आणि ती घरच्यांनीच आणि गावानंच भरून काढली पाहिजे.

कडूबाई : लई चांगलं बोललात.

महादेवी : असं नको बोलूस.

कडूबाई : न्हाय, खरंच. मास्तरांनी घरी तसंच सांगितलं म्हनं. बाई लई चांगली बोलली, लोकांच्या डोळ्यांत पानी आलं. पुढचं सांगू का? माझे मालक पारावर बसलेले. कोन तरी म्हनलं, दगडोबा, झाकन लई जड व्हतं का रं? आन् समदे हसले.

महादेवी : अय्यो शिवा.

कडूबाई : त्ये घरी आले. भाकर वाढली म्या. ताटाला हात न्हाय लावला. माझ्याकडं एकदा बघितलं अन् जे बाहीर गेले ते गोठ्यातच झोपले. सकाळी माझ्या भावाला सांगावा, की बहिनीला घेऊन जा. काय झालं, का झालं, काय न्हाय. सासू म्हनली, पोर हितं ऱ्हाईल. किसना ऱ्हायला. लुगडं धरून बसला व्हता माझं, त्येची मूठ सोडवून घेतली तिनं.

महादेवी : मारलं का त्यानं तुला? शिव्या?

कडूबाई : मारलं असतं तर बरं झालं असतं. अक्का, तुमाला अजून समजलं न्हाय काय केलंत त्ये?

महादेवी : समजतंय. गावात त्याची अब्रू गेली. पण कडूबाई, मनाला लागलं तरी ऐक. झाकण त्यानंच ओढलं होतं. मी खोटं तर नाही बोलले.

कडूबाई : त्यानंच ओढलं. आन् त्येंना ठावं न्हवतं की मला ठावं हाय.

महादेवी : म्हणजे?

कडूबाई : म्हंजी काय म्हंजी? तुमालाच सांगितलं व्हतं म्या, तीन बेस्तरवार तोंड उघडलं न्हाय अन् चौथ्याला सांगितलं. त्येंना वाटायचं, अंधारात म्या बघितलंच न्हाय. सासूनं ओढलं असंल, थोरल्या भावजींनी ओढलं असंल, असं म्या धरून चालते. म्हून त्ये माझ्यासंगं चांगलं वागायचे. किसनाला खांद्यावर घेऊन रानात न्यायचे. म्या अंगनात बसले की त्येबी येऊन बसायचे, घोंगडं घेऊन. आन् म्या म्हनलं, आसू दे. त्येंच्या मनाला जे खातंय त्ये खाऊ दे, म्या कशाला बोट घालू? त्येंना न कळू देता म्या त्येंना माफ करत आनलं व्हतं, अक्का. जरा जरा करून. अजून झालं न्हवतं, पर व्हत आलं व्हतं.

महादेवी : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

कडूबाई : ह्येबी सांगायला पायजे व्हतं? म्हंजी ह्येबी कळंबला गेलं असतं.

महादेवी : कडूबाई!

कडूबाई : गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हनला व्हता तुमी. याच खोलीत. हितं बोललेलं हितंच ऱ्हाईल, भिंतीला बी कळायचं न्हाय. म्या इचारलं बी न्हवतं, तुमी आपनहून म्हनला.

महादेवी : म्हणाले होते. पण मग तूच एकदा म्हणालीस की, असं दुसऱ्या कुणा बाईला होऊ नये. लोकांना कळलं पाहिजे म्हणालीस. तेव्हा मला वाटलं, तुझी ना नाही.

कडूबाई : त्ये देवापुढं म्हनत्यात तसं म्हनले म्या. देव काय सभा घेतो का?

महादेवी : माझं ऐकून तरी घे. तिथं काय चाललं होतं ते सांगते. जळालेल्या घरांना सरकार मदत देणार, मेलेल्या बैलांना देणार. मी विचारलं, ज्या बायका वर्षभर झोपल्या नाहीत त्यांचं काय? तर एक साहेब हसले. म्हणाले, बाई, बायकांचं दुखणं बायकांनी बघावं. दुसरे म्हणाले, त्यांना मारुतीला प्रदक्षिणा घालायला लावा. मी आकडे सांगितले, पुस्तकातलं सांगितलं, कुणी ऐकेना. घड्याळ बघायला लागले. मग मी...

कडूबाई : मग मला काढली.

महादेवी : मग मी ती गोष्ट सांगितली. आणि सगळे गप्प झाले. पहिल्यांदा गप्प झाले, कडूबाई. लोहाऱ्याच्या दवाखान्यात एक खोली द्यायचं तिथल्या तिथं कबूल केलं. महिन्यातनं दोनदा मी तिथं बसायचं. तुझ्यासारख्या कितीतरी जणींना...

कडूबाई : टाळ्या वाजल्या का?

महादेवी : काय?

कडूबाई : तुमी खाली बसलात तवा. टाळ्या वाजल्या का?

महादेवी : वाजल्या.

कडूबाई : हां. मास्तरीनबाई बी तसंच म्हनत व्हती.

महादेवी : बस ना गं आता. पाया पडते तुझ्या.

कडूबाई : कडब्याचं सांगितलं का सभेत?

महादेवी : नाही.

कडूबाई : नक्की?

महादेवी : नाही सांगितलं. पेवाचं झाकण लागल्यावर तू कडब्याच्या पेंढ्या ओढून त्याच्यावर टाकल्यास आणि मग पळालीस, हे नाही सांगितलं. सांगणार होते. पण लोक त्यावरच बोलत बसले असते, वा वा, काय ही पतिव्रता. मला तसं नको होतं.

कडूबाई : तुमाला कसं पायजे त्ये तुमी बघितलं. बरं झालं पर. तेवढं तरी माझ्यापाशी ऱ्हायलं.

महादेवी : पण दगडोबाला ते कळायला हवं, कडूबाई. तू त्या सगळ्यांचा जीव वाचवलास. हे ऐकलं तर तो...

कडूबाई : न्हाय! त्ये त्येंना कळता कामा नये. त्येंना वाटतंय त्या लोकांनीच उलथापालथ करताना कडबा पाडला. वाटू दे. कळलं तर जन्मभर पायाशी बसतील माझ्या. मला नवरा शेजारी पायजे, पायाशी नगं. कळतंय का तुमाला?

महादेवी : कळतंय.

कडूबाई : लिंगावर हात ठेवू नका. नुसतं कळतंय म्हना.

महादेवी : कळतंय म्हणाले ना.

कडूबाई : आज बेस्तरवार, तुमच्याकडं बसायचा दिस. बाकीच्या बायका कुठं हायत्या?

महादेवी : दोन आठवडे झाले, कुणीच येत नाही. कापूस खुरपायला आलाय म्हणून असेल. शांताक्का नाही, नागम्मा नाही. हुसेनबीला निरोप धाडला, ती दाराआडूनच नाही म्हणाली.

कडूबाई : खुरपणी न्हाय, अक्का. म्या सांगितलं त्येंना.

महादेवी : काय सांगितलं?

कडूबाई : जाऊ नगा म्हनून. नागम्माच्या घरी गेले, शांताक्काच्या गेले. म्हनलं, तिथं बोललेलं मोटारीत बसून कळंबला जातंय.

महादेवी : हुसेनबीला पण?

कडूबाई : तिला आधी. रझाकार हटून लष्कर आल्यावर तिच्या नवऱ्याला कुनी नेलं, कुठल्या वाटंनं नेलं, त्ये तिनं बघितलंय. त्येच मानसं रोज तिच्या दारावरनं जात्यात. तिचं नाव न घेता तुमी बोलला असता तर ती आज जिती ऱ्हायली असती का?

महादेवी : तिचं मी कुठंच बोलले नसते.

कडूबाई : माझं बी बोलनार न्हवता.

महादेवी : तिच्या घरात दुसरं कुणी नाही, कडूबाई. इथं आली तरच ती दोन घास खायची. माझ्यावरचा राग तू तिच्यावर काढलास.

कडूबाई : असंल. म्या काय देवमानूस न्हाय. तिला जाऊन सांगा तुमी, काय सांगायचं त्ये.

महादेवी : ती दार उघडत नाही आता.

कडूबाई : मग तुमाला बी समजंल, बंद दाराबाहीर कसं वाटतंय.

दगडोबा : अक्का! अक्का हायती का घरात?

महादेवी : कोण आहे?

दगडोबा : म्या, दगडोबा. लोहाऱ्याकडनं आलोय. म्हंजी कडूबाईचा... किसनाचा बाप.

कडूबाई : त्येंचा आवाज हाय.

महादेवी : तू आत जा हवं तर. मी बोलते त्याच्याशी.

कडूबाई : न्हाय. आता कुठंबी लपायची न्हाय म्या. येऊ द्या त्येंना.

महादेवी : या, दगडोबा. आत या.

दगडोबा : तू हितं? मला ठावं न्हवतं. म्या मग... म्या नंतर येतो.

कडूबाई : किसना कसा हाय?

दगडोबा : बरा हाय. म्हंजी खात न्हाय नीट. आई भरवती.

कडूबाई : झोपतो?

दगडोबा : रडतो जरा.

कडूबाई : कशाला आलाव हितं?

दगडोबा : अक्कांकडं काम व्हतं.

महादेवी : बोला. तिच्यासमोरच बोला.

दगडोबा : अक्का, म्या अडाणी मानूस. तुमी काय बोलला, का बोलला, म्या इचारत न्हाय. फक्त एक डाव गावात चला. पाटलाच्या ओसरीवर चार लोकं जमवतो. तिथं येवढंच बयान द्या, की ती गोष्ट आमच्या घरची न्हवं. बिदरकडची म्हना. कुठलीबी म्हना. मास्तरांचा गैरसमज झाला म्हना.

महादेवी : आणि मग?

दगडोबा : मग हिला घेऊन जातो. आई तयार हाय. दादा बी म्हनला, इज्जत परत आली तर येऊ दे तिला.

कडूबाई : तुमी काय म्हनला?

दगडोबा : म्याच आलोय की.

महादेवी : दगडोबा, मी त्या सभेत जे सांगितलं ते खोटं होतं असं चारचौघांत म्हटलं, तर पुढं माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. लोहाऱ्याची खोली मिळणार नाही. ज्या बायका खरं सांगतील त्यांनाही लोक खोटं ठरवतील.

दगडोबा : व्हय, अक्का. त्ये बी हायच.

महादेवी : तरी येते मी. उद्याच येते. हे माझ्यामुळं झालंय, मीच निस्तरते.

कडूबाई : थांबा. कुनी कुठं जात न्हाय. माझ्याबद्दल बोलताय अन् मलाच कुनी इचारना. कळंबला बी न्हाय, हितं बी न्हाय.

महादेवी : तुझ्या किसनासाठीच म्हणतेय मी.

कडूबाई : गावाला खोटं वाटंल, अक्का. ह्येंना कसं वाटंल? मला कसं वाटंल? म्या ह्येंनाच एक इचारते. मास्तर बोलले, गाव बोललं. तुमी मला एकदा तरी इचारलं का, की तू बघितलंस का म्हनून?

दगडोबा : कसं इचारू?

कडूबाई : आता इचारा.

दगडोबा : अक्कांच्या म्होरं?

कडूबाई : अक्कांना समदं ठावं हाय. इचारा.

दगडोबा : तू... बघितलंस?

कडूबाई : बघितलं. करंगळीला चिंधी व्हती. सकाळी इळा लागला व्हता तुमाला, अन् म्याच लुगड्याचा काठ फाडून बांधली व्हती. त्याच हातानं झाकन आत ओढलं.

दगडोबा : वरीसभर बोलली न्हाईस.

कडूबाई : तुमी बोलला का?

दगडोबा : आई म्हनली, ओढ. दादा म्हनला, ओढ. पोर वरडतंय, समदे मरू. म्या ओढलं. खाली हवा न्हवती. कुजलेल्या जवारीचा वास. किसनाचा आवाज यायचा वरनं. मग आवाज लांब गेला. मग बंदच झाला एकदम. मला वाटलं, सापडली दोघंबी. संपलं. मग म्या वर यायलाच तयार न्हवतो. दादानं काखंत हात घालून काढलं मला.

कडूबाई : म्या त्येला पाजत व्हते.

दगडोबा : काय?

कडूबाई : म्हून आवाज बंद झाला. रानातल्या उभ्या जवारीत बसले, पावसात, अन् त्येला अंगावर घेतलं. पीत पीत झोपला त्यो.

दगडोबा : आमी समदे... आमाला वाटलं...

कडूबाई : मला ठावं हाय काय वाटलं. तुमी समदे वर आलाव, तवा रानात बघायला कुनी आलं न्हाय. तिसऱ्या दिशी हुसेनबीच्या आईनं आमाला दोघास्नी आनून दारात सोडलं. तुमी माझ्याकडं असं बघितलं, जसं मेलेलं मानूस बघावं.

दगडोबा : म्या काय तोंडानं यायाचं? मेल्याली बायको हुडकायला? माझ्या हातानं मारल्याली?

महादेवी : दगडोबा, तिनं तुमचं वाईट चिंतलं नव्हतं. उलट... तुम्ही सगळे वाचलात कसे, कधी विचार केला का? झाकण तर वरून स्पष्ट दिसत होतं. कडबा कुणी टाकला त्यावर?

कडूबाई : अक्का!

दगडोबा : कडबा? त्यो त्या लोकांनी... गंज उपसताना...

कडूबाई : अक्का, तोंड मिटा!

महादेवी : तिनं टाकला. पोराला काखेत धरून. तुम्ही झाकण ओढलंत, आणि तिनं त्याच्यावर पेंढ्या ओढल्या, तुम्ही सापडू नये म्हणून. मग पळाली.

दगडोबा : कडू.

कडूबाई : न्हाय.

दगडोबा : कडू, खरं सांगतात अक्का?

कडूबाई : उठा. उठा म्हनते न्हवं! पाय सोडा माझे. बाजारचा दिस हाय, दार उघडं हाय, लोक बघत्यात. सोडा म्हनलं की!

दगडोबा : माझ्या हातानं... आन् तू...

कडूबाई : बघा, अक्का. बघा तुमी. आत्ताच सांगितलं व्हतं तुमाला. अजून पानी न्हाय प्याले म्या तुमच्या घरचं, तवर बोलला.

महादेवी : मला वाटलं, हे कळलं तर तो तुला...

कडूबाई : तुमाला वाटलं.

दगडोबा : किसनाला आनतो म्या. आजच जातो अन् आनतो.

कडूबाई : आई देनार न्हाय म्हनंल.

दगडोबा : आईला इचारत न्हाय आता. दादालाबी न्हाय. तू म्हनशील तिथं ऱ्हाऊ. तू म्हनशील तसं. तू सांग फक्त.

कडूबाई : आधी उठून बसा. नीट. हितं, माझ्या शेजारी.

दगडोबा : न्हाय. म्या हितंच बरा हाय.

(दिवाळी होऊन गेल्यावर. तीच खोली, बाजाराचा दिवस.)

महादेवी : कडूबाई! ये, ये. आणि हा कोण? किसना? केवढा झालाय! ये रे माझ्याकडं.

कडूबाई : जा रं बाबा, अक्काकडं जा. लाजतोय. नवीन मानूस बघितलं की लाजतोय.

महादेवी : आता दुसऱ्याकडं जाऊ देतेस त्याला. बघ, किती फरक पडलाय तुझ्यात.

कडूबाई : मोठा झाला आता. चालतोय की स्वतः.

महादेवी : कुठं राहता? गावात?

कडूबाई : न्हाय, वेगळं निघालो. रानात कोप घातलीय, ऱ्हायापुरतं छप्पर. भावजींनी बैल एकच दिला, पर भागतंय. ह्ये बी आलेत, बाहीर गाडीपाशी हायेत.

महादेवी : आत का नाही आला?

कडूबाई : बैलाला राखन नगं का?

महादेवी : तुझ्याशी वागतो कसा?

कडूबाई : लई करत्यात. पानी त्येच आनत्यात. जळण त्येच फोडत्यात. म्या काय उचलाय गेले की धावत येऊन हातातनं घेत्यात.

महादेवी : मग चांगलं आहे ना?

कडूबाई : चांगलंच हाय.

महादेवी : संध्याकाळी अंगणात बसता दोघं? पूर्वीसारखं?

कडूबाई : त्ये उंबऱ्याखाली बसत्यात. आमची कोप उंचावर हाय जरा.

महादेवी : कडूबाई, लोहाऱ्याच्या दवाखान्यातली खोली मिळाली. पुढच्या बेस्तरवारपासून बसणार मी. हुसेनबीनं परवा दार उघडलं होतं. आत घेतलं नाही, पण उघडलं. तू सांगितलंस का तिला काही?

कडूबाई : म्या काय सांगनार? तिनंच उघडलं असंल.

महादेवी : तुला तर लोहारा आता चालत जाण्यासारखं. येशील?

कडूबाई : बघू की. जवारीची काढनी हाय. मग खळं. मग हरभऱ्याला पानी.

महादेवी : त्यानंतर? संक्रांतीनंतर ये. नुसतं बसायला ये. काही बोलायचं नाही, मीही विचारणार नाही.

कडूबाई : येईन की. न यायला काय झालं? ह्ये घ्या, शेंगा आनल्यात रानच्या. भाजून खावा, गोड हायती.

महादेवी : कशाला गं एवढ्या?

कडूबाई : बाजाराला आले, म्हनलं अक्कांना द्याव्या. रित्या हातानं कसं यायचं लोकांच्या घरी?

महादेवी : कडूबाई, एवढंच सांग. रात्री झोप लागते का तुला?

कडूबाई : लागती की, अक्का. तुमच्या आईचं गुडघं लई दुखत व्हतं म्हनं पावसाळ्यात. आता बरं हाय न्हवं?